नऊ हजार सहाशे, तारेतून

माणसाला माणसाशी बोलायला शिकवणं हे धर्माचं काम आणि यंत्राला यंत्राशी बोलायला शिकवणं हे विज्ञानाचं. ही दोन्ही कामं ज्या दिवशी एकाच माणसाच्या हातून होतील त्या दिवशी मानवजातीचं एक युग संपून दुसरं सुरू होईल, असं माझं एके काळी प्रामाणिक मत होतं. मी दोन्ही करून पाहिली. पहिल्या कामाला लग्नाची सत्तावीस वर्षं झाली, ते अजून चालू आहे. दुसऱ्या कामापायी आमच्या संस्थेच्या आवारात पिण्याच्या पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला. युग तेच आहे.

आमची संस्था तेलुगू मुलखात, उटनूरच्या कडेला, सागाच्या झाडांत अंग चोरून बसलेली. मुलांना वेल्डिंग, फिटिंग, वायरिंग शिकवतात. मी तिथं भांडारपाल. शिक्षण बी.ए., विषय इतिहास. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनं सी.एन.सी. मशीन आहे. दिलेले आकडे वाचून धातू आपोआप कापतं ते. याहून जास्त मलाही ठाऊक नव्हतं, आणि रजिस्टरला एवढं पुरत होतं: 'अ.क्र. ११७. मशीन, जुने, नग एक.' नागपूरकडच्या एका बंद पडलेल्या कारखान्यानं ते दान दिलं. ते शिकवणाऱ्या मास्तराची जागा मात्र कोणी दान दिली नाही, म्हणून आठ वर्षं ते ताडपत्रीखाली होतं.

ज्या ट्रकमधून मशीन उतरलं त्याच ट्रकमधून एक माणूसही उतरला होता. रामाजी. नार्नूरकडचा, पन्नाशी ओलांडलेला, बोलायला कंजूष. मशीन उतरवायला आलेला हमाल असेल असं आम्ही धरून चाललो. तो परत गेला नाही, तेव्हा प्राचार्यांनी त्याला चौकीदार नेमून टाकलं. दर शनिवारी तो ताडपत्री काढी, मशीन पुसून अर्धा तास चालू ठेवी आणि समोर मांडी घालून बसे. मशीनला एक पंखा आहे. तो त्या पंख्याच्या वाऱ्याला बसतो, असा माझा निष्कर्ष. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुराव्यावरून निष्कर्ष काढायची सवय असते.

मी स्वतःही शनिवारी दुपारच्या जेवणानंतर त्या शेडमध्ये जाऊन बसत असे. कारण कोणाला सांगितलं नव्हतं, इथं सांगतो. मशीनचा पडदा हिरवा होता. जुन्या विहिरीत उन्हाची तिरीप पडल्यावर तळाशी जसा हिरवा उजेड हलतो तसा. त्या हिरव्यात काही अक्षरं तरंगत असत. बाहेर सागाची वाळलेली पानं एकेक करून खाली यायची, एकेक पान खाली यायला फार वेळ घ्यायचं, आणि माझे डोळे मिटायचे. शासकीय सेवेतली माझी सगळ्यात शांत वर्षं मी अ.क्र. ११७ च्या सोबतीत काढली आहेत.

तर झालं असं की, आमच्या गावच्या, म्हणजे जैनथकडच्या, विहारावरचं सिमेंटचं धम्मचक्र मार्चमधल्या वादळात पडलं आणि त्याचे तीन तुकडे झाले. समितीची बैठक बसली. चिटणीस सुरज हा उमदा माणूस, मंडपाचा धंदा करतो. त्याच्या मोबाइलमध्ये फायबरच्या चक्राचा फोटो होता. आतून दिवे लागणारं.

"सात रंग बदलते, काका," तो म्हणाला. "रिमोट हाय. तिकडं चालू केलं का पार पैनगंगेच्या त्या अंगाला दिसते."

माझे वडील बाबाराव भिंतीला टेकून बसले होते. वय त्र्याऐंशी. दुसऱ्याच्या शेतात राबून परतताना रोज एक धोंडा डोक्यावर आणायचा, अशा धोंड्यांनी या विहाराचा पाया भरला; त्या पिढीतले ते आता एकटे उरलेत.

"रंग कायले बदलाले पायजे?" ते म्हणाले. "आमी बदललो एकडाव, तेवढं बस हाय."

बाबा पुढं म्हणाले, "पितळेचं करा. घरोघरची भांडी गोळा करा. आपल्या माणसाच्या हातचं पायजे. वैशाखी पुनवेले वर चढलं पायजे. मी पाह्यलं पायजे."

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण सरकारी नोकरीतल्या माणसाला गावच्या बैठकीत एक प्रकारची उंची येते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आमच्या संस्थेत मशीन आहे. चोवीस आऱ्या, एक केसभरही फरक पडणार नाही. पौर्णिमेच्या आत चक्र करून देणं माझ्याकडं लागलं."

सुरजनं रिमोटवाल्याला 'पौर्णिमेच्या चार दिवस आधी पक्कं सांगतो' असं कळवून ठेवलं. हे त्यानं मला ऐकू येईल अशा आवाजात कळवलं.

आठवड्याभरात चाळीस घरांतली भांडी जमली. ओतकाम करणाऱ्यानं ती वितळवून दीड वीत रुंदीची जाड पाट, म्हणजे सपाट लगड, ओतून दिली. बाबांनी ती माझ्या हातात दिली तेव्हा दोन्ही हातांनी दिली.

"अमऱ्या, त्यात तुया मायची पान्याची गुंडी हाय," ते म्हणाले. "दुसरी पाट नाई होत. बिघडवजो नको."

माझी आई जाऊन अकरा वर्षं झाली. ती गुंडी मी डोळे मिटून ओळखली असती. काठाला एक पोचा होता, तो मी पाडलेला. उटनूरच्या बसमध्ये मी पाट मांडीवर घेऊन बसलो. पाट जड होती आणि उन्हानं कोमट झाली होती. खिडकीबाहेर पऱ्हाटीची मोकळी रानं एकामागून एक मागं जात होती, आणि कंडक्टर मला दोनदा तेलुगूत विचारून गेला की हे सामान आहे की प्रवासी.

माझी मुलगी मैत्री हैदराबादेत संगणकाचं काम करते. तिनं चक्राचं चित्र काढून त्याचा प्रोग्राम, म्हणजे मशीनला कळणारे आकडे, मला मोबाइलवर पाठवले. ओळी होत्या दोन हजार तीनशे बारा.

"या मशीनच्या बटणांवरून हातानं टाइप करायच्या नाहीत हं, बाबा," ती म्हणाली. "तार जोडा. संगणकातून मशीनमध्ये एका दमात जातील."

मी अर्थात आधी हातानं टाइप करून पाहिल्या. साठाव्या ओळीला मला झोप लागली. कोपर शून्याच्या बटणावर पडलं होतं. जाग आली तेव्हा हिरव्या विहिरीत वरपासून खालपर्यंत शून्यं भरली होती, आणि रामाजी दारात उभं राहून त्यांच्याकडे आदरानं पाहत होता.

म्हणून तार.

तारेची बातमी शेजारी वामनरावांना कुठून लागली कोण जाणे. वामनराव वीज खात्यात लाइनमन होते, आता निवृत्त आहेत, पण तारेचा विषय निघाला की त्यांच्या अंगात अजून करंट येतो. हातात टेस्टर घेऊन ते शेडमध्ये आले. आल्या आल्या त्यांनी मशीनच्या मागच्या पेटीचं लोखंडी दार उघडलं, पार भिंतीला टेकवलं, आणि आत डोकं घातलं.

"अमरदीपभाऊ, हे पाहा. इकडली बाजू मादी हाय. संगणकाचीबी मादीच हाय. जमन कसं?"

"मग?"

"मंग नर आणा लागते दोन तोंडाचा." त्यांनी डोकं बाहेर काढलं. "अन् भाऊ, बिनपत्रिकेचं जोडू नका."

तार आदिलाबादहून करून आणली. वामनरावांनी ती मोठ्या समारंभानं लावली. काही झालं नाही. मैत्रीला फोन केला. ती म्हणाली, तारेत दोन नंबरचं टोक दोनला आणि तीनचं तीनला जोडलंय, उलटं हवं. दोन म्हणजे बोलायचं तोंड आणि तीन म्हणजे ऐकायचा कान असं समजा. तुम्ही तोंडाला तोंड लावलंय.

"म्हणजे दोघंही बोलून राह्यले," वामनराव म्हणाले, "अन् ऐकून कोनीच नाई राह्यलं."

माझी पत्नी तारा तेव्हा डबा घेऊन आली होती. ती शाळेत शिक्षिका आहे, तेलुगू माध्यमाच्या. तिनं नुसतं माझ्याकडे पाहून डबा ठेवला आणि निघून गेली. सत्तावीस वर्षांत मला इतकं स्पष्ट उत्तर मिळालं नव्हतं.

तार उलटी करून घेतली. आता फक्त दर ठरवायचा होता. तारेतून माहिती सेकंदाला किती वेगानं पळवायची, त्या वेगाला बॉड रेट म्हणतात. संगणकाचा आणि मशीनचा हा दर सारखा नसेल तर एक जण घाईनं बोलतो आणि दुसऱ्याला फक्त खरखर ऐकू येते. मैत्री म्हणाली, "साधारण छ्याण्णवशे असतो, बाबा." 'साधारण' हा शब्द मी ऐकला नाही.

आणि इथं प्राचार्यांनी चष्मा काढला. संगणक कार्यालयाच्या रजिस्टरात, मशीन कार्यशाळेच्या. दोन वेगळ्या रजिस्टरांतल्या वस्तू तारेनं जोडायच्या म्हणजे वरून परवानगी पाहिजे. "उद्या काही बिघडलं, तर कोणी कोणाला बिघडवलं हे ठरवायचं कसं?" हा प्रश्न तात्त्विक होता. मी अर्ज लिहायला बसलो.

अर्ज तेलुगूत हवा. तारानं भाषांतर करून दिलं, सुबक अक्षरात. विषय: वैशाख पौर्णिमेपूर्वी धम्मचक्राच्या कामासाठी ९६०० बॉड प्रति सेकंद या दराने तारेतून माहिती पाठवण्यास परवानगी मिळणेबाबत. मी तो टायपिंगच्या दुकानात दिला. बॉड हा शब्द दुकानातल्या संगणकाला माहीत नव्हता. त्यातल्या त्यात जवळचा जो माहीत होता तो त्यानं घातला, आणि 'माहिती' कुठंतरी गळाली. मी तेलुगू वाचतो, पण नदीतल्या दगडांवरून पलीकडं जावं तशी. एकावर पाय ठेवायचा, दोन सोडायचे. सही केली.

सहाव्या दिवशी जिल्ह्याहून फोन आला. नागनाथ सुपरिंटेंडेंट. आमच्या मिसली, म्हणजे फायली, ज्यांच्या टेबलावर विश्रांती घेतात ते.

"क्या अमरदीप बाबू, ये कैसी दरखास्त भेजे तुम?"

"साब, मशीन को कंप्यूटर जोड़ना है."

"वो ठीक है. ये नौ हज़ार छे सौ बौद्ध किधर से लाते तुम?"

मी म्हणालो, काही तरी चूक होतेय.

"मेरे सामने है ना. नौ हज़ार छे सौ बौद्ध. तार में से भेजना है बोलके लिखे. उसमें भी हर सेकंड को!" कागद उलटल्याचा आवाज. "पौर्णिमा भी लिखे. मतलब जमाव है."

"साब, वो बॉड है. बौद्ध नहीं."

"तुम खुद कौन?"

"मैं... बौद्ध."

"फिर?"

मी अर्धा तास समजावलं. वेगाचं एकक, आकडे, तार. नागनाथ साहेब मधूनमधून "हौ, हौ" म्हणत होते. शेवटी म्हणाले, "देखो बाबू, जो लिख के आया सो आया. मिसल चल गई, अब मेरे हाथ में नक्को. तुम काम शुरू करो, मंजूरी पीछे से आती. लेकिन दरखास्त में जो लिखे उतनाच. उससे कम नहीं, ज्यादा नहीं."

म्हणून मी छ्याण्णवशेवर ठाम राहिलो. ही गोष्ट पुढच्या सगळ्या गोष्टींच्या मुळाशी आहे, म्हणून सांगून ठेवतो. दुसरा दर लावून पाहायला बटण एकच दाबायचं होतं. पण ते बटण दाबणं म्हणजे अर्जाच्या बाहेर जाणं, आणि मी तीस वर्षांत अर्जाच्या बाहेर गेलो नाही.

मग त्या दुपारी सुरू झाल्या. संस्थेला सुट्टी. आवारात मी, वामनराव आणि रामाजी. ऊन असं की समोरचा रस्ता पाण्यासारखा हलायचा, आणि त्या पाण्यातून एखादी म्हैस पाय न भिजवता चालत यायची. मी संगणकावर 'पाठवा' दाबी. मशीनच्या विहिरीत 'अलार्म ८५', म्हणजे मला काही कळलं नाही, असं उमटे. मी पुसे. पुन्हा दाबी. पुन्हा पंच्याऐंशी. वामनराव तार हलवून पाहत, सोडून पुन्हा लावत, एकदा त्यांनी तिला लिंबूमिरची बांधली. मी ती काढली. माझ्या तत्त्वात बसत नाही. अर्ध्या तासानं मीच ती कोणी पाहत नसताना परत लावली. अलार्म पंच्याऐंशीच आला, त्यामुळे माझी तत्त्वं शाबूत राहिली.

त्यातल्याच एका दुपारी रामाजी चहा घेऊन आला. पेला ठेवला. उभा राहिला. मशीनकडे पाहत म्हणाला, "साहेब, अठ्ठेचाळीस हाय."

मी कपाळाचा घाम पुसला. "पंचेचाळीस आहे, रामाजी. पेपरात आलंय."

"अठ्ठेचाळीस हाय, साहेब."

"तुला तसं वाटत असेल," मी मायेनं म्हणालो. "पत्र्याच्या शेडमध्ये दोन-तीन जास्तच वाटतं."

रामाजीनं मान हलवली आणि पेला घेऊन गेला.

त्यानंतर मला झोप लागली, आणि झोपेत ते आले. पांढऱ्या कपड्यांतले नऊ हजार सहाशे लोक. सगळे तारेतून चालले होते, एकामागून एक, पायांचा आवाज न करता. तार आतून लांब आणि गार होती, पिंपळाखालच्या वाटेसारखी. धक्काबुक्की नाही. दर सात माणसांमागं एक जण थांबून मागं वळून मोजत होता, सगळे आहेत ना, आणि पुन्हा चालू लागत होता. आजोबा होते, गावातले कितीतरी गेलेले लोक होते, ओळखीच्या चालीचे, धोंडे घेतलेले. शेवटाला एक बाई डोक्यावर गुंडी घेऊन. गुंडीला काठाशी पोचा. तारेच्या दुसऱ्या टोकाला एक दार होतं, दारात बाबा बसले होते, हातात माझं रजिस्टर. दार बंद होतं. लोक येऊन दारासमोर थांबत होते आणि काहीही तक्रार न करता उभे राहत होते. "उघडा ना," मी बाबांना म्हणालो. बाबा म्हणाले, "दर सांग."

मी दचकून उठलो. विहिरीत पंच्याऐंशी.

पौर्णिमेला पाच दिवस उरले. सकाळी मी आवारात शिरलो तर फाटकात पाण्याचा टँकर उभा. मागं एक जीप. जीपमधून नर्सबाई उतरल्या, त्यांच्याजवळ ओ.आर.एस.च्या पुड्यांची दोन खोकी. पाठोपाठ एक हवालदार, हातात वही.

"नमस्कारम सर. नऊ हजार सहाशे माणसं कुठल्या बाजूनं येणार?" त्यानं मोडक्या मराठीत विचारलं. "गाड्या कुठं लावायच्या?"

मी दमलो होतो. अलार्म पंच्याऐंशी मी आतापर्यंत चारशे वेळा तरी पाहिला होता. मी म्हणालो, "तारेतून येणार."

त्यानं ते लिहून घेतलं.

टँकरवाला जायला तयार नव्हता. त्याला पाणी उतरवल्याची सही पाहिजे होती, आणि उतरवायला आमच्याकडं टाकी एवढी नव्हती. शेवटी त्यानं टँकर सागाच्या सावलीत लावला आणि खाली चटई टाकली. वामनराव घरून दोन बादल्या घेऊन आले. दुपारपर्यंत अख्खी गल्ली बादल्या घेऊन आली. "भाऊ, तुमच्या बौद्धाईचं पानी लय गोड हाय," वामनराव म्हणाले, आणि त्यात काही खोट नव्हती.

संध्याकाळी सुरजचा फोन. "काका, त्या रिमोटवाल्याले उद्या सकाळी सांगा लागते. काय सांगू? आजोबा सकाळपासून विहारापाशी बसून हायेत. म्हणतात, अमऱ्या येते."

मी म्हणालो, सकाळी सांगतो.

मग मी शेडच्या पायरीवर बसलो. पाट शेजारी ठेवली होती. उन्हं उतरली होती, पितळेला एक मऊ पिवळा रंग आला होता, कुठंकुठं चाळीस घरांचे वेगवेगळे पिवळे एकमेकांत विरघळले होते, आणि त्यात आमची गुंडी कुठली ते शोधत मी बसून राहिलो. रामाजी आला आणि खालच्या पायरीवर बसला. आठ वर्षांत तो पहिल्यांदाच माझ्याजवळ बसला असेल.

"साहेब, एक इचारू का?"

"विचार."

"हे वायर कायले जोडाची हाय?"

मी त्याला सगळं सांगितलं. चक्र. पौर्णिमा. बाबा. दोन हजार तीनशे बारा ओळी. तो पाटेवरून बोट फिरवत ऐकत होता.

"चोवीस आऱ्या?"

"चोवीस."

"साऱ्या सारख्या?"

"अगदी सारख्या."

"मंग एकच फट सांगा लागते मशीनले," रामाजी म्हणाला. "दोन आऱ्यांमधली. मंग म्हना, पंधरा अंश फिर अन् तेच कर. चोवीस डाव."

"तुला हे कसं ठाऊक?" मी विचारलं.

"मी सतरा वर्स याच मशीनवर व्हतो ना, साहेब. कारखाना बंद पडला, हे इकडं येऊन राह्यलं म्हने. म्या म्हटलं, आपलंबी गाव तिकडंच हाय." तो थोडा लाजला. "शनिवारी चालू नाई ठेवलं तं याची याददाश्त जाते."

"अरे, मग सांगितलं का नाहीस इतके दिवस?"

"तुमी म्हने वायर जोडाची हाय. मले वाटलं, वायर जोडाची हाय."



रामाजी उठला, आत गेला, हात धुऊन शर्टाला पुसले आणि मशीनसमोर उभा राहिला. बटणं न पाहता तो टाइप करत होता. पेटीवाला गाताना पेटीकडं पाहत नाही, तसा. चहा निवण्याच्या आत झालं. मी पडद्यावर मोजल्या. नऊ ओळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाट मशीनच्या टेबलावर घट्ट बसवली. मी डोळे मिटून घेतले, कारण 'बिघडवजो नको' हे शब्द कानात होते. मशीन बराच वेळ काहीच बोललं नाही. मग एक लांब, एकसारखा सूर निघाला. डोळे उघडले तेव्हा पितळेचे बारीक वळसे उडत होते, उन्हाच्या पट्ट्यात शिरले की पेटत होते, बाहेर आले की विझत होते. पहिली फट. मशीन थांबलं, जरा वळलं, विचार केल्यासारखं. दुसरी फट. वामनराव दारात बादली घेऊन आले होते. बादली हातातच राहिली. टँकरवाला चटईवरून उठून आला. पुड्या घेऊन पुन्हा आलेल्या नर्सबाईही. चोवीस वेळा मशीन थांबलं, चोवीस वेळा वळलं. खाली पडलेला चुरा रामाजीनं हातानं गोळा करून एका फडक्यात बांधला आणि मला दिला. "मायचं हाय," म्हणाला. मी त्याला गुंडीबद्दल सांगितलं होतं हे मला आठवेना.

सुरजला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "रिमोट तं नाई ना त्याले?" पण आवाजात आनंद होता.

पौर्णिमेला चक्र विहारावर चढलं. बाबांना खुर्चीवर बसवलं होतं. वंदना झाली. बाबांनी कपाळावर हात धरून वर पाहिलं, बराच वेळ.

"वायरीनं केलं का?"

"नाही. रामाजीनं केलं. आमचा चौकीदार."

"हातानं?"

"हातानं."

"मंग ठीक हाय," बाबा म्हणाले. त्यांनी रामाजीला जवळ बोलावून शेजारच्या खुर्चीवर बसवलं. पहिलं जेवणाचं ताट त्याच्यासमोर गेलं, दुसरं बाबांसमोर. मी वाढत होतो. हजर माणसं एकशे बेचाळीस. हवालदारानं येऊन मोजली आणि उरलेली कधी येणार ते विचारून गेला.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जिल्ह्याहून पत्र आलं. 'आपली मागणी जास्त वाटते. तूर्त निम्म्यास, म्हणजे ४८०० ला मंजुरी देण्यात येत आहे.' मंजुरी आली म्हणजे तामील झालीच पाहिजे. मी शेडमध्ये गेलो, संगणकावर आणि मशीनवर दर ४८०० केला. इकडून पाठवण्यासारखं आता काही नव्हतं, म्हणून मशीनलाच म्हटलं, तू पाठव. पहिल्याच खेपेला संगणकाच्या पडद्यावर ओळी आल्या. नऊ.

तार काढून ठेवायला मी मशीनच्या मागं गेलो. वामनरावांनी पहिल्या दिवशी उघडलेलं पेटीचं दार अजून भिंतीला टेकूनच होतं. ते लावायला ओढलं, तेव्हा त्याची आतली बाजू दिसली. तिच्यावर पिवळ्या रंगानं '४८' लिहिलेलं होतं. अक्षर हजेरीच्या रजिस्टरातलं, रामाजीचं.

त्या दिवशी उटनूरचं तापमान छत्तीस होतं.